दोन हरभऱ्यांएवढा चुना

तुमिरानं भावाच्या मिशीला लागलेला पांढरा ठिपका अंगठ्यानं पुसला, अंगठा चाटला आणि रिकामा वाडगा त्याच्या हातातून काढून घेतला.

"तोंड धू. आणि मागच्या दारानं जा. पुढून गेलास की कोंबड्या कलकलाट करतात."

"आज सहाची बस आहे, ताई. रेत्नो दारातच उभी असेल."

"मग सांग, इमामसाहेबांनी नमाज लांबवली."

"रोज लांबवतात?"

"म्हातारा माणूस आहे. लांबणारच."

वार्सितो हसला, पण ओठ मिटून. हिरड्यांतून रक्त येऊ लागल्यापासून तो तोंड उघडून हसत नसे. एक्केचाळीस वर्षांचा बाप्या, कोपरापासून मनगटापर्यंत निळे-जांभळे डाग, कुणी धरून बुकलल्यासारखे. आणि चोरासारखा बहिणीच्या परसातून, केळींच्या आडून स्वतःच्या घरी निघाला. मशिदीपासून त्याचं घर पन्नास पावलांवर होतं. तुमिराचं स्वयंपाकघर त्या वाटेवर नव्हतंच. वाट मुद्दाम वाकवून घ्यावी लागे. गेले पाच महिने तो ती रोज वाकवून घेत होता.

तुमिरानं वाडगा विसळला. आतला एक कणसुद्धा शिल्लक नव्हता. हे तिनं नेहमीप्रमाणे मनात टिपून ठेवलं.

टिपून ठेवण्याची तिला खोड होती. आई गेली तेव्हा वार्सितो सहा वर्षांचा आणि ती सतरा. तेव्हापासून त्याचा पहिला ताप, पहिली शाळा, जेपाऱ्याच्या बाजारातून आणलेली पहिली पटाशी, सागाच्या फळीवर त्यानं कोरलेलं पहिलं वेडंवाकडं कमळ, सगळं तिच्याकडे जमेला होतं. स्वतःचा संसार तीन वर्षांत आटोपला. नवरा गेला, मूल नव्हतं. मग लग्नाकार्याचा स्वयंपाक करून तिनं नाव कमावलं आणि भावाला वाढवलं. तो सदतीस वर्षांचा होईपर्यंत त्याच्याकडे दुसरं कुणी पाहायला नव्हतं. मग दमाकहून रेत्नो आली, शाळेच्या कचेरीत काम केलेली, नीटनेटकी, कपाळावर कधी केस न येणारी. चार वर्षांत तुमिराच्या खात्यातून एकेक गोष्ट तिकडे गेली: आधी रात्रीचं जेवण, मग कपाटाची किल्ली, मग सणाचा सदरा कुठल्या रंगाचा ते ठरवणं. आणि गेल्या वर्षी वार्सितोच्या पायांवर पिसवा चावल्यासारखे लाल ठिपके उठले, तर ते दुखणंसुद्धा रेत्नोचंच झालं.

रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट दीड लाखाच्या वर हव्यात, त्याच्या निघाल्या सहा हजार. शरीराचे राखणदारच त्यांना चोर समजून मारत होते. पहिल्या औषधानं तोंड सुजून पुनवेचा चंद्र झालं, आकडा तेवढा अमावास्येलाच राहिला. पन्नास हजार होईपर्यंत पटाशीला हात लावायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं. एक घाव चुकला तर रक्त थांबणार नाही. तेव्हापासून गावातला सगळ्यांत बारीक हाताचा कारागीर बायांच्या घोळक्यात बसून दुसऱ्यांच्या कोरीव कामावर पॉलिशपेपर घासत होता.

मग ही नवी गोळी आली, आणि गोळीबरोबर रेत्नोचं राज्य. पहाटे साडेचारला घड्याळ वाजे. गोळी नुसत्या पाण्याबरोबर. पुढे चार तास पोटात काही नाही. कपाटावर तिनं इस्पितळाचा छापील कागद चिकटवला होता: दूध, दही, चीज, काट्यांसकट खायची सुकी मासळी, लोहाच्या गोळ्या, आम्लपित्ताच्या गोळ्या, वर्ज्य. रेत्नो तो कागद कुराणाच्या आयतीसारखा पाळी.

"उपाशी माणसाच्या हाडात काय बळ येणार?" असं तुमिरा एकदाच म्हणाली होती.

"वन्सं, डॉक्टरांनी सांगितलंय," रेत्नो म्हणाली होती, अगदी गोड आवाजात. त्या गोडव्यानंच तुमिराला जास्त झोंबलं.

दुसऱ्या दिवसापासून तिनं पहाटे सुमसुम शिजवायला घेतलं.

सुमसुम सगळेच करतात. तांदळाची पिठी, नारळाचं दूध, मीठ, वासाला पांदानचं पान, वरून माडाच्या गुळाचा पाक. लग्नघर आवरलं की दमलेल्या हातापायांत जीव यावा म्हणून राबणाऱ्यांना तेच वाढतात. हाडातल्या मगजासारखं पांढरं आणि मऊ दिसतं, म्हणून नावही तेच. पण तुमिराचं सुमसुम वाडग्यात थरथरायचं, सांडायचं नाही. चमच्यानं कापलं की कड उभी राही. तीन गावांत कुणाला ते साधलं नव्हतं, कारण आजीनं मरताना कानात सांगितलेली गोष्ट तुमिरानं कुणाच्या कानात जाऊ दिली नव्हती: विड्याला लावतात तो चुना, हरभऱ्याएवढा, पाण्यात कालवून पिठीत.

रेत्नोनं चार वेळा कृती विचारली होती. तुमिरानं चारही वेळा सांगितली. पिठी, नारळाचं दूध, मीठ, पान, आणि ढवळत राहायचं. "बाकी मग हाताचं असतं, पोरी," असं ती शेवटी म्हणे. रेत्नोनं सगळं वहीत उतरवून घेतलं. तिचं सुमसुम वाडग्यातून ताटलीत आणि ताटलीतून बदकांच्या पुढ्यात गेलं. गावात दोन दिवस हसू पिकलं. तुमिरा हसली नाही. तिला हसण्याची गरज नव्हती.

रक्त हाडातल्या मगजात तयार होतं असं कानावर आल्यावर तर तिला शंकाच उरली नाही. हाडाला चुना लागतो हे कोंबडीलाही कळतं. वार्सितोचा वाडगा ती वेगळ्या पातेल्यात शिजवू लागली, आणि त्यात हरभऱ्याएवढा चुना पातेल्याला नव्हे, वाडग्याला.

बसमध्ये रेत्नो खिडकीशी बसली, वार्सितो मध्ये, तुमिरा कडेला. गाडी सुटताच रेत्नोनं नाक किंचित वर केलं, नवऱ्याकडे न बघता खिडकीची काच सरकवली आणि सेमारांगचं इस्पितळ येईपर्यंत ती उघडीच ठेवली. तुमिराला वाटलं, हिला गाडी लागते.

एरवी तपासणीच्या खोलीत रेत्नो जाई आणि तुमिरा बाहेरच्या बाकावर. "रुग्णाबरोबर एकच," असं पाटीवर लिहिलेलं होतं, आणि तो एक कोण हे कुणी तुमिराला विचारलं नव्हतं. आज मात्र परिचारिकेनं दार उघडून सांगितलं, "घरचे सगळे आत या. शस्त्रक्रियेचं बोलायचंय."

डॉक्टर हापसारी म्हणजे लहान चणीच्या, जाड भिंगांच्या बाई. त्यांच्यापुढं एक कोरा अर्ज होता, त्यावर पेन आडवं ठेवलेलं.

"आजचा आकडा नऊ हजार," त्या म्हणाल्या. "मात्रा हळूहळू वाढवत शेवटापर्यंत नेली. यापुढं गोळी ओढण्यात अर्थ नाही. प्लीहा काढावी लागेल. प्लेटलेट जास्त तिथंच मारल्या जातात."

वार्सितोनं डाव्या बरगडीखाली हात नेला, जणू ती अजून जागेवर आहे का ते बघायला.

"कापायचं?" तुमिरा म्हणाली. "रक्त थांबत नाही म्हणून ज्याला पटाशी धरू देत नाही, त्याला तुम्ही कापणार?"

"तुम्ही कोण?"

"मी ह्याची—" तुमिरा थांबली. बहीण म्हटलं तर फारच थोडं सांगितल्यासारखं होत होतं. "मोठी बहीण."

"कापायच्या आधी शिरेतून औषधं देऊन आकडा थोडे दिवस वर आणतात, मावशी. तरी जोखीम राहतेच. म्हणून तर गोळीवर इतकी भिस्त होती."

"ही गोळी करते तरी काय? मला कुणी सांगितलेलं नाही."

रेत्नोनं मान खाली घातली. डॉक्टरांनी अर्ज उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर एक हाड काढलं, हाडाच्या पोकळीत मोठमोठे गोळे.

"ह्या थोरल्या पेशी. एकेकीच्या अंगातून हजारो प्लेटलेट तुटून रक्तात पडतात. पण ह्या आपण होऊन कामाला लागत नाहीत, कुणीतरी दार वाजवावं लागतं. तो निरोप्या आपलं यकृत पाठवतं. तो येतो आणि बाहेरची कडी वाजवतो." त्यांनी गोळ्यावर एक लहानसं दार काढलं. "ह्याच्या शरीरात जितक्या प्लेटलेट मारल्या जातात, तितक्या भरून काढायला तो निरोप्या पुरत नाही. म्हणून ही गोळी. ती कडीला हात लावत नाही. ती दाराच्या फळीतच शिरते आणि आतून दार हलवते."

"लाकडात," वार्सितो म्हणाला. त्याला पटलं.

तुमिरा त्या दाराकडे बघत होती.

"म्हणजे पहिल्याला हाकलून देते?"

"नाही, नाही. त्याची जागा त्याच्याकडेच राहते. हिची बसायची जागा निराळी. दोघांनी मिळून दार हलवलं की पेशी जास्त जोमानं कामाला लागते."

"दोघांनी मिळून," तुमिरा म्हणाली. कोळणीनं सांगितलेलं वजन हातात घेऊन पाहावं तशी.

"तसं व्हायला हवं होतं. आणि गंमत म्हणजे एकदा झालंही." डॉक्टरांनी संगणकाचा पडदा त्यांच्याकडे वळवला. आडव्या सपाट रेषेत मधेच एक टेकाड होतं. "जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात आकडा एक्केचाळीस हजारांवर गेला. नंतर पुन्हा खाली. गोळी मुळात लागूच पडत नसती तर हे टेकाड आलं नसतं. तेव्हा वेगळं काय केलं होतं?"

वार्सितो छताकडे बघू लागला.

तुमिराला ते टेकाड पाठ होतं. जुलैत ती दहा दिवस कुडूसला होती, एका बड्या लग्नाच्या स्वयंपाकाला. परत आली तर रेत्नोनं आळीभर गोड वाटलेलं. एक्केचाळीस हजार! मी पाठ फिरवली आणि ह्याला बरं वाटलं. ती रात्र तुमिरानं कूस बदलत काढली. दुसऱ्या पहाटे तिनं त्याच्या वाडग्यात एकाऐवजी दोन हरभऱ्यांएवढा चुना घातला. पुढच्या खेपेला आकडा तेरा हजारांवर उतरला, तेव्हा बाकावर बसून तिनं रेत्नोचं पडलेलं तोंड पाहिलं होतं. वाईट वाटलं होतं. पण त्या वाटण्याच्या तळाशी, पातेल्याच्या बुडाला खरवड लागावी तशी, थोडी गोडीही होती. ती कुणाला दाखवण्यासारखी नव्हती.

"गोळीनंतर तो काय खातो?" डॉक्टरांनी विचारलं.

"काही नाही," रेत्नो म्हणाली. "साडेआठपर्यंत पाण्याशिवाय काही नाही."

ती जरा जास्तच मोठ्यानं बोलली. तिच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

तुमिरानं त्या लाल पाळ्यांकडे पाहिलं, आणि एकदम तिला बसची उघडी खिडकी आठवली. गाडी कसली लागते हिला! पांदानचा वास लागला होता. हिला माहीत होतं. मिनिटं मोजणारी बाई. पन्नास पावलांवरून यायला नवऱ्याला अर्धा तास लागतो हे तिला कळलं नसेल? पाच महिने माहीत होतं. रोज पहाटे दारात उभी राहून, केळींच्या आडून येणारा नवरा ती बघत होती. आणि आता परक्या माणसासमोर ते तिच्या तोंडून निघत नव्हतं, की माझा नवरा माझ्या अंथरुणावरून उठतो आणि दुसरीच्या चुलीशी जाऊन जेवतो.

तुमिराला ह्या जळण्याची जात नेमकी ओळखू आली. चार वर्षं ती स्वतः त्याच दुखण्यात मुरली होती. रेत्नोनं आपलं काय काय नेलं याचा तिच्याकडे पै-पैचा हिशेब होता. पण तिकडेही एक वही असेल, आणि त्या वहीत आपलं नाव असेल, हे तिच्या कधी मनातसुद्धा आलं नव्हतं. क्षणभर तिला इतकं बरं वाटलं की तिनं पदर सारखा केला.

"नीट आठवा," डॉक्टर म्हणत होत्या. "लोह, कॅल्शियम, असलं काही पोटात असेल तर ते गोळीला पोटातच धरून ठेवतं. रक्तात जाऊच देत नाही. गोळी घेतली काय आणि नाही काय, सारखंच."

"कॅल्शियम म्हणजे कसलं?" तुमिरानं विचारलं.

"दुधात असतं. शिंपल्यात, अंड्याच्या टरफलात, चुन्यात. दगडी जातीची वस्तू, मावशी."

तुमिराची बोटं पर्सच्या साखळीवर थांबली.

डॉक्टरांनी अर्ज पुन्हा सुलटा केला आणि पेन उचललं. पेनाचं टोक वार्सितोच्या नावाच्या जागेवर टेकलं. गप्प बसायला काही लागत नव्हतं. उद्यापासून सुमसुम बंद केलं असतं तर... पण उद्या गोळीच बंद होणार होती. पेनानं 'वा' लिहिला.

"मी घालते त्याला खायला," तुमिरा म्हणाली. "पहाटे. नमाजाहून येताना."

वार्सितोनं डोळे मिटून घेतले. पेन थांबलं.

"काय घालता?"

"सुमसुम."

"त्यात काही नसतं, डॉक्टर," रेत्नो घाईनं मध्ये पडली. "मी कागदाशी ताडून पाहिलंय. पिठी, नारळाचं दूध, मीठ, पांदानचं पान. वन्संनीच मला सांगितलंय. वहीत लिहून घेतलंय मी."

रेत्नोच्या आवाजात कुठंही टोचणी नव्हती. तिनं खरोखरच वहीवर विश्वास ठेवला होता. म्हणून तर पाच महिने गप्प बसली होती. मन जळत होतं, पण नवऱ्याच्या पोटात काही वाईट जात नाही अशी तिची खात्री होती. ती खात्री तुमिरानं स्वतःच्या तोंडानं, चार वेळा, तिला दिली होती.

"आणि चुना," तुमिरा म्हणाली.

रेत्नोनं मान वळवली.

"विड्याचा चुना. आधी एका हरभऱ्याएवढा घालायची. जुलैपासून दोन. त्याच्या एकट्याच्या वाडग्यात."

"जुलैत त्या कुडूसला होत्या," रेत्नो सावकाश म्हणाली. "दहा दिवस."

डॉक्टरांनी पेनाला टोपण लावलं. भिंगं काढून डोळे चोळले. मग, तुमिराला अजिबात अपेक्षित नसताना, त्या हसल्या.

"मावशी, मी ह्या माणसाची प्लीहा काढायला निघाले होते. गोळी हरलेली नाहीच. ती दारापर्यंत पोचलीच नाही." त्यांनी तो अर्ज दुमडून खणात टाकला. "गोळी चालू. पुन्हा लहान मात्रेपासून, कारण आता ती खरोखर अंगी लागेल. आपल्या लोकांच्या रक्तात ती जास्त रेंगाळते. तीन आठवड्यांनी या. सुमसुम संध्याकाळी खा, हवं तेवढं. आणि कागदावर हे हातानं लिहून घ्या: चुना."

बाहेरच्या बाकावर आज तिघं बसली. वार्सितो औषधाच्या रांगेचं निमित्त करून उठला. ह्या दोघींच्या मध्ये बसण्यापेक्षा त्याला रांग बरी वाटली असावी.

तुमिरा वाट बघत होती. शिव्या आल्या असत्या तर तिनं घेतल्या असत्या, आणि दोन परतही केल्या असत्या.

"अकरा वेळा केलं मी ते," शेवटी रेत्नो म्हणाली. "अकरा वेळा, वन्सं. तुम्हाला एकदाचंच माहीत आहे. दार लावून करत होते."

"बदकं उगीच नाही एवढी माजली."

रेत्नोच्या घशातून काहीतरी आवाज निघाला. तुमिरानं चोरून पाहिलं. रडणं होतं की हसणं, ते तिला धड कळलं नाही.

"मला वाटायचं, हातच नाही माझ्याकडे," रेत्नो म्हणाली. "तो तिथून खाऊन यायचा आणि कसा शीळ घालत यायचा. माझ्या घरात तो कधी शीळ घालत नाही."

"माझ्याकडं तरी कुठं घालतो? खातो आणि पळतो. तुझ्या भीतीनं."

दोघीही रांगेत उभ्या असलेल्या वार्सितोकडे बघू लागल्या. त्याला ते जाणवलं असावं, कारण तो उगाच भिंतीवरचं हिवतापाचं पत्रक वाचायला लागला.

"माहीत होतं तर बोलली का नाहीस?" तुमिरानं विचारलं.

"तुम्ही का नाही बोललात?"

ह्यावर तुमिराकडे उत्तर होतं, पण ते चार वर्षांचं लांबलचक होतं, आणि तेवढ्यात औषधं मिळाली.

तीन आठवड्यांनी आकडा चौतीस हजारांवर गेला, त्यानंतरच्या खेपेला बहात्तरवर. पटाशीच्या पहिल्या दिवशी वार्सितोनं दिवसभर काही खास केलं नाही. एका पलंगाच्या माथ्यावर वेलीचं एकच पान कोरलं आणि ते संध्याकाळपर्यंत उलटंसुलटं करून बघत बसला. सगळा गाव म्हणाला, रेत्नोनं नवऱ्याला ओढून आणलं. तुमिरा दर वेळी मान हलवे. मान हलवायला काही लागत नाही. पण घरी येऊन ती भांडी जरा जोरातच आपटायची.

पावसाळ्याच्या तोंडाशी गावप्रमुखाच्या धाकट्या मुलीचं लग्न झालं. तीन दिवस तुमिरा चुलीपुढून हलली नाही. चौथ्या दिवशी, राबणाऱ्यांसाठी सुमसुम घालायची वेळ आली तेव्हा तिनं डाव रेत्नोच्या हातात दिला आणि स्वतः लाकडी पाटावर बसून घेतलं. का दिला, हे तिलाही नीट सांगता आलं नसतं. कंबर दुखतेय, असं ती म्हणाली. मोठं पातेलं होतं. रेत्नो दातांत ओठ धरून ढवळत होती. केस कपाळावर आले होते, पण ते मागं सारायला हात मोकळा नव्हता. तुमिरा उठली नाही. तिनं फक्त बघितलं.

अंगणात वाडगे फिरले. आचारी, पाणी भरणारे, मांडव घालणारे, भांडी घासणाऱ्या बाया, सगळ्यांनी चमचे घातले. मग शेजारची कार्सी, जिचा आवाज लग्नात सनईच्या जागी चालला असता, ओरडली,

"तुमिराबाई, हात तो हात! कड बघा कशी उभी राहिलीय. तीन गावांत हे कुणाला जमायचं नाही!"

"खरं आहे, खरं आहे," चारी बाजूंनी आलं.

मागच्या बाजूला रेत्नो पातेल्याच्या कडा खरवडत होती. खरवडणं क्षणभर थांबलं आणि पुन्हा सुरू झालं.

तुमिरा तीस वर्षं हे बोलणं ऐकत आली होती, आणि तीस वर्षांत ते तिला कधी शिळं वाटलं नव्हतं. आताही ते गळ्याखाली गोड उतरलं. तिनं ते पूर्ण उतरू दिलं.

"माझं नाही ते," मग ती म्हणाली. "हिनं केलंय."

बाया खो खो हसल्या.

"बघा, मोठेपणा बघा!" कार्सी म्हणाली. "अहो, हिनं केलं असतं तर वाडग्यात कशाला, तांब्यात दिलं असतं. बदकं साक्षीला आहेत!"

पुन्हा हशा. रेत्नोची पाठ तशीच वाकलेली होती.

"मी डावालासुद्धा हात लावला नाही."

"बरं, बरं. नका लावू."

तुमिरानं स्वतःचा वाडगा उचलला. एक चमचा तोंडात घेतला, जिभेवर फिरवला, टाळूला लावला. सगळ्या तिच्याकडे बघत होत्या. तिनं घाई केली नाही. मग तिनं तोंड किंचित वाकडं केलं.

"चुना किंचित जास्त पडलाय," ती म्हणाली, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल अशा आवाजात. "माझ्या हातून पडला असता का?"

चमचे जागच्या जागी राहिले.

"चुना?" कार्सी म्हणाली. "ह्यात चुना असतो? कसला चुना? किती?"

"तिला विचारा," तुमिरा म्हणाली. वाडग्यातलं उरलेलं तिनं दोन घासांत संपवलं, आणि पातेल्याशी दुसऱ्यांदा घेणाऱ्यांची रांग लागली होती, तिच्या शेवटी जाऊन उभी राहिली.